सुरतेत जेवायचं कुठं?

चिंचपाडा, खांडबारा, नवापूर या पट्ट्यातल्या माणसाला शहर म्हणजे सुरत. सरकारी कागद मुंबईला जातात. पण लग्नाचा बस्ता बांधायला, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला, पोराला कामाला लावायला माणसं सुरतेची गाडी धरतात. तापी व्हॅली रेल्वेने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या खोऱ्यात रूळ टाकले आणि खानदेशाचं तोंड पश्चिमेकडे वळलं, ते आजतागायत. उधना-जळगाव हा सुमारे ३०० किलोमीटरचा मार्ग आता दुहेरी झाला आहे, आणि नवापूरच्या स्टेशनात फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत आहे. दोन राज्यांमधली हद्द इथे ओलांडावी लागत नाही, ती पायाखालून निघून जाते.

इतकी ये-जा असूनही सुरतेहून परतलेल्या माणसाला ‘जेवलात कुठं?’ विचारलं, की उत्तर बहुधा ठरलेलं असतं. स्टेशनासमोर, नाहीतर कापड मार्केटच्या तळमजल्यावर. पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी. मला हे फार खटकतं. जेवावं सुरतेला आणि मरावं काशीला, असं सांगणारी ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण ज्या शहराने कमावली, तिथे जाऊन कुठल्याही बसस्टँडवर मिळतं तेच खाऊन परतायचं, यात पैसा जातोच. एका मोठ्या शहराशी ओळख होण्याची संधीही जाते. २०११ च्या जनगणनेत सुरतेची वस्ती सुमारे ४५ लाख होती, ती त्यानंतर वाढतच गेली. एवढ्या अफाट पसाऱ्यात नवख्या माणसाने चांगलं जेवण शोधायचं कसं, याला एक रीत आहे. ती एकदा कळली की मुंबई, हैदराबाद, कोलकाता, कुठेही चालते.

आधी फोनबद्दल. ‘जवळचं चांगलं हॉटेल’ असं टाकलं की ताऱ्यांची रांग येते. हे तारे कोण देतं? जो वाढदिवसाला कुटुंब घेऊन जातो, जेवणाआधी ताटाचा फोटो काढतो, तो. जो कारागीर रोज दुपारी एकाच बाकावर बसून वीस मिनिटांत जेवून कामावर परततो, तो तारे देत बसत नाही. त्यामुळे ताऱ्यांमध्ये एसी, रंगीत दिवे, वेटरचं वागणं यांना वजन येतं आणि रोजच्या जेवणाची चव मागे पडते. शिवाय बहुतेकांचे आकडे चारच्या आसपासच घुटमळतात, मग निवड करायची कशावरून? यात नवल नाही. जगभर नाव असलेली मिशेलिनची हॉटेल-मार्गदर्शिका १९०० मध्ये काढली ती टायर बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीने, मोटारीतून फिरणाऱ्यांसाठी. तिचे तारे १९२६ पासूनचे. म्हणजे तारा ही मुळातच पाहुण्यांसाठी केलेली खूण आहे. फोन वापरावा, पण आकड्यापेक्षा खालचा मजकूर वाचावा. एकाच पदार्थाचं नाव दहा जणांनी घेतलं असेल तर तो खावा. शेरे कुठल्या भाषेत आहेत तेही पाहावं. काठियावाडी जेवणाबद्दल गुजरातीत लिहिलेला साधा शेरा इंग्रजीतल्या लांबलचक कौतुकापेक्षा भरवशाचा असतो.

खरी रीत मात्र पायी फिरण्याची आणि विचारण्याची आहे. शहरात पाऊल टाकताना ‘इथलं सगळ्यात चांगलं हॉटेल कोणतं?’ असं विचारायचं नाही. या भागात माणसं कुठून आली, कुठल्या कामासाठी आली, आणि ती केव्हा जेवतात, हे विचारायचं. घरापासून लांब आलेल्या माणसाला घरच्या चवीची ओढ असते, आणि शेकडो माणसांना एकाच चवीची ओढ असली की तिथे कुणीतरी चूल पेटवतंच. ती चूल चुकीचा मसाला घालू शकत नाही, कारण समोर बसलेला प्रत्येक जण आईच्या हातची चव आठवून जेवत असतो. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरच्या कामगारांना बायकांच्या खानावळींनी जगवलं, माटुंग्याला दक्षिणेकडच्या नोकरदारांसाठी उडपी बोर्डिंगं उभी राहिली, ती याच नियमाने. सुरतेत हा नियम चारशे वर्षांच्या थरांतून दिसतो.

सगळ्यात जुना थर बंदराचा. मोगल अमदानीत हज यात्रेकरू इथूनच जहाजात बसत, इंग्रजांनी १६१३ मध्ये इथे वखार घातली, मागोमाग डच आले. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे त्या काळच्या सुरतेची श्रीमंती मराठी माणसाला शाळेपासून पाठ आहे. पण श्रीमंतीबरोबर भट्टीही आली होती, हे शाळेत कुणी सांगत नाही. डच व्यापारी निघून गेल्यावर त्यांची पाव भाजायची भट्टी फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थांकडे आली आणि उरलेल्या पावाचे वाळवलेले, खुसखुशीत बटर लोकांना आवडायला लागले, अशी हकीगत सांगितली जाते. नानपुऱ्यातली दोतीवाला बेकरी आपलं साल १८६१ सांगते. सुरती बटर आणि नानखटाई घ्यायची तर तिथे जावं. चहात बुडवून खायला याहून चांगलं काही नाही, हे माझं ठाम मत आहे.

तापी ओलांडून पलीकडे गेलं की रांदेर. आता ते सुरतेचंच उपनगर झालं आहे, पण बंदर म्हणून ते सुरतेहून जुनं. अरुंद गल्ल्या, कोरीव लाकडी घरं, मशिदी. इथले सुन्नी व्होरा व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्मदेशात, रंगूनला धंदा करत होते. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या तेव्हा हिंदी लोकांचे लोंढे परत आले. १९६२ च्या लष्करी बंडानंतर उरलेसुरलेही आले. त्यांच्याबरोबर आला खावसा. ब्रह्मदेशातल्या खाओ स्वे या नूडल्सच्या पदार्थाचं हे सुरती रूप. नारळाच्या दुधाचा दाटसर रस्सा, त्यात शेवया, वरून तळलेलं कुरकुरीत काहीतरी, कांदा, लिंबू. रमजानच्या संध्याकाळी रांदेरच्या बाजारात अंडं आणि खिमा भरलेला रंगूनी पराठा तव्यावर उलटला जात असतो. रांदेरी आलू पुरीही याच वस्तीची: तळहाताहून लहान पुऱ्या, त्यावर बटाटा-वाटाण्याची भाजी, आंबट चटणी, कच्चा कांदा. जगाच्या नकाशावर बोट ठेवून शोधावं लागेल असं एक स्थलांतर इथे थोड्या पैशांत ताटलीत मिळतं. सुरतेत एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर मी रांदेर सांगेन, आणि तेही सूर्य मावळताना.

जुन्या सुरतेत झांपा बाजाराकडे दाऊदी बोहरा समाजाची वस्ती आहे. त्यांची अल्-जामिया-तुस-सैफिया ही विद्यापीठासारखी संस्था १८१४ पासूनची. या भागात ‘बारा हंडी’ मिळते: मटणाचे निरनिराळे भाग वेगवेगळ्या हंड्यांत मंद आचेवर शिजतात आणि गिऱ्हाईक मागेल तसं दोन-तीन हंड्यांतलं मिसळून वाढतात. भागळ आणि चौटा बाजाराच्या बाजूला हिंदू-जैन व्यापाऱ्यांची सुरत आहे, तिथे सकाळी खमण आणि लोचो. लोचो म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं वाफवलेलं पीठ, पण खमणासारखं वडीत न कापता ओलसर, सैल ठेवलेलं. वर तेल किंवा लोणी, बारीक शेव, कांदा, हिरवी चटणी. जानी, गोपाल ही लोच्याची नावं सुरतेत कुणालाही माहीत असतात. पण वेळ पाळावी. लोचो सकाळचा. वाफेवरून उतरला की लगेच खायचा. संध्याकाळी तो खाऊन ‘काही खास नाही’ म्हणणाऱ्याचं मत धरू नये.

नंतरचा थर हिऱ्याचा आणि कापडाचा, आणि तो जास्त जाड आहे. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात असं म्हटलं जातं. पैलू पाडणारे हात बहुतेक सौराष्ट्रातले, म्हणजे भावनगर, अमरेलीकडचे. ते राहतात स्टेशनच्या पूर्वेला वराछा रोडवर आणि उत्तरेला कतारगामात. म्हणून काठियावाडी जेवण वराछ्यात खावं, नदीपलीकडच्या झगमगीत हॉटेलात नव्हे. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, कढी-खिचडी, ताकाचा पेला, सेव-टामेटां आणि वांग्याचा ओळो.

इथे खानदेशी माणसाची जीभ जागी होते. ओळो म्हणजे आपल्या भरताचा चुलतभाऊच. वांगं निखाऱ्यावर भाजण्यापर्यंत दोघांची वाट एक. मग काठियावाडी बाई त्यात टोमॅटो, लसूण घालून तेलात परतते. आपल्याकडे मोठं हिरवट पांढरं वांगं तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजतात, हिरवी मिरची ठेचून घालतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तसंच सेव-टामेटां आणि शेवभाजीचं. दोन्हींत जाड शेव, दोन्ही ऐनवेळी रस्स्यात सोडायच्या. पण काठियावाडी रस्सा आंबट-गोड असतो, तर आपल्याकडे भाजलेलं खोबरं, कांदा आणि काळा मसाला यांचा झणका. दोन्ही एकाच दिवशी खाऊन पाहावेत. शेजारशेजारच्या दोन मुलखांचा स्वभाव कळायला दुसरं काही लागत नाही.

शेवभाजी सुरतेत मिळते का? उत्तम मिळते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा हा दक्षिण आणि आग्नेय सुरतेचा पट्टा खानदेशी आहे. यंत्रमागावर, डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांत, कापड मार्केटात काम करायला धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं आली आणि इथेच रुजली. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, रस्त्यावर अहिराणी ऐकू येते. या भागाने निवडून दिलेल्यांत मूळ खानदेशी नावं आहेत. नवसारीचे खासदार, केंद्रीय मंत्री सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मलेले. मग ताटात खानदेश नसेल कसा? लिंबायत-डिंडोलीच्या गल्ल्यांत छोट्या खानावळींत शेवभाजी, पाटोड्यांचा रस्सा, दाळ-बट्टी, काळ्या मसाल्याचं मटण मिळतं. बाहेर मोठी पाटी असतेच असं नाही. रिक्षावाल्याला अहिराणीत विचारावं, मात्र प्रश्न नीट विचारावा. ‘चांगलं हॉटेल कोणतं?’ म्हटलं तर तो तुम्हाला पाहुणा समजून महागड्या ठिकाणी सोडेल. ‘भाऊ, तुम्ही दुपारी कुठं जेवता?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं.

याच पट्ट्यात आणि वेड रोडकडे ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले माग-कामगार राहतात. त्यांच्या मेसमध्ये झोपायची आणि जेवायची सोय एकत्र असते. एका पाळीची माणसं कामावर गेली की दुसऱ्या पाळीची त्याच जागेवर झोपतात, आणि भात-डाळ दोन वेळा शिजते. ही हॉटेलं नव्हेत; तिथे चव चाखायला म्हणून घुसू नये. सुरतेचं स्वस्त कापड कुणाच्या घामावर विणलं जातं, ते मात्र या मेसच्या दारावरून जाताना ध्यानात ठेवावं. पांडेसऱ्याच्या वाटेवर बिहार-उत्तर प्रदेशच्या कामगारांसाठी लिट्टी-चोखा लावणाऱ्या गाड्या दिसतील, तिथे खुशाल थांबावं. चोखा म्हणजे पुन्हा भाजलेलं वांगं, फक्त सोबत बटाटा आणि मोहरीचं तेल. एका शहरात तीन मुलखांची तीन भरतं.

ठिकाणाइतकाच काळ महत्त्वाचा. हिवाळ्यात, विशेषतः जानेवारीत, अडाजणच्या बाजूला पोंकाची दुकानं लागतात. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडाच, पण सुरतकर तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर आणि साखरेच्या दाण्यांबरोबर खातात, त्याचे वडेही तळतात. हुरडा शेतातच खायचा असतो असं मानणाऱ्या आपल्या मंडळींनी हा शहरी थाट एकदा बघावाच. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, उंधियू: सुरती पापडी, जांभळा कंद, लहान वांगी, मेथीची मुठियां, ओल्या लसणाची हिरवी चव. महामार्गावर वलसाडकडे मडकं उपडं करून शेकलेलं उबाडियुं मिळतं. रायगडची पोपटी खाल्लेल्याला ते ओळखीचं वाटेल. आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चांदी पडवो. त्या रात्री सारं शहर घारी आणि फरसाण घेऊन रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर बसतं. मावा, तूप, सुकामेवा भरलेली आणि वरून तुपाने माखलेली घारी १८५७ च्या धामधुमीत तात्या टोपे यांच्या सैनिकांसाठी बनवली गेली, अशी आख्यायिका आहे. खरं-खोटं काहीही असो, एक घारी दोघांत खावी. एकट्याला ती जड जाते. जेवणानंतर सोस्यो प्यायलाच हवं. हजुरी कुटुंबाने १९२३ मध्ये सुरतेत काढलेलं हे पेय आजही शहराच्या अभिमानाचा विषय आहे.

गाडीवर खाल्लं तर पोट बिघडेल, ही भीती रास्त आहे, आणि सुरतेला तिचा इतिहासही आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये इथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत खानदेशी कुटुंबंही होती. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी कचऱ्याबरोबर खाण्याच्या जागांकडेही मोर्चा वळवला, स्वच्छता न पाळणाऱ्या लहानमोठ्या हॉटेलांवर कारवाई केली, आणि दोन-तीन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. गिऱ्हाइकाने स्वतः पाहायच्या गोष्टी थोड्याच. पदार्थ तुमच्यासमोर तयार होतोय का? गर्दी सतत आहे का? गर्दी म्हणजे माल शिळा राहत नाही. यादी आखूड आहे का? दोन पदार्थ विकणारा ते रोज शंभर वेळा करतो. दोनशे पदार्थ विकणाऱ्याचा फ्रीज मोठा असतो. पाणी आणि कच्ची चटणी याबाबत जपून राहावं. बसून जेवायच्या हॉटेलात बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असायला हवा. जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. नसेल तर विचारावं.

ज्यांना हा छंद लागेल त्यांना एक नाव सांगतो. जोनाथन गोल्ड हा लॉस एंजलिसचा पत्रकार. तरुणपणी त्याने पिको बुलेव्हार्ड या एकाच लांबलचक रस्त्यावरच्या एकेका खाण्याच्या जागी जेवायचं ठरवलं. त्या रस्त्याला मेक्सिको, साल्वादोर, कोरिया अशा सगळ्या मुलखांची माणसं येऊन राहिलेली. त्या जेवणांतून त्याला आपलं शहर कळलं, आणि २००७ मध्ये त्याला समीक्षेचा पुलित्झर मिळाला. हॉटेलांवर लिहिणाऱ्याला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याला एवढं करायचं नाही. पण सुरतेच्या प्रत्येक खेपेला एकच रस्ता धरावा. एकदा वराछा, एकदा रांदेर, एकदा उधन्याहून लिंबायत. स्टेशनासमोरचं जेवण तेवढं सोडावं.

आता माझ्या मनातली गोष्ट. सुरतेत रंगूनची चव आहे, भावनगरची आहे, जळगावची आहे. पण नवापूर, चिंचपाड्याच्या भिल्ल, मावची, कोकणी घरांत रोज शिजतं ते अन्न या शहरातल्या हॉटेलांत मी कुठे पाहिलेलं नाही. माणसं तर आपलीही गेली. बारडोलीच्या साखर कारखान्याला ऊस तोडायला कोयते इथूनच जातात, बांधकामांवर इथलेच हात असतात. तरी ज्वारी-मक्याची भाकर, सालाच्या उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, मोहाची फुलं यांना शहरात जागा मिळालेली नाही. ऊसतोडीची माणसं फडातच राहतात, हंगाम संपला की परततात; त्यांची चूल त्यांच्याबरोबर फिरते, ती दुकान होत नाही. कारण हे आहे. चवीत काही उणं नाही. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, आणि नंदुरबारच्या पथारींवर वाळणारी लाल मिरची देशभर जाते.

आणि हे जमू शकतं, याचा दाखला हद्दीपलीकडेच आहे. डांग आणि वांसदा भागात आदिवासी बायकांचे बचत गट ‘नाहरी’ नावाची उपाहारगृहं चालवतात. नागलीची भाकर, उडदाची डाळ, बांबूच्या कोंबाचं लोणचं, हंगामातल्या रानभाज्या असं साधं ताट. सापुताऱ्याकडे जाणारे शहरी लोक मुद्दाम गाडी थांबवून जेवतात. आपल्या तालुक्यातल्या बचत गटांनी ती केंद्रं एकदा जाऊन पाहावीत, आणि उधना स्टेशनच्या आसपास एक छोटी जागा भाड्याने घेऊन सुरुवात करावी. गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही, ते रोज आपल्याच गाडीने तिथे उतरतं.